विदूषक आणि वडेवाला

मनुष्य जन्मास येतांच तीन ऋणें घेऊन येतो, असें आपल्या शास्त्रकारांनीं सांगून ठेविलें आहे: देवांचें, ऋषींचें आणि पितरांचें. कोणी त्यांत मनुष्यांचें चौथें ऋणहि मिळवितात, आणि दुसऱ्यास अन्न व आसरा दिल्यानें तें फिटतें असें म्हणतात. पहिल्या तीन ऋणांची आठवण करून देणारे पुष्कळ आहेत. चौथ्याचा हिशेब मात्र सहसा कोणी ठेवीत नाहीं. ज्यानें आपणांस दुःखाच्या दिवशीं हंसविलें आणि ज्यानें भुकेच्या वेळीं चार पैशांत पोटाला आधार दिला, त्या दोघांचीं नांवें आपल्या तर्पणांत येत नाहींत आणि इतिहासाच्या पुस्तकांतहि येत नाहींत. प्रस्तुत लेखांत या दोन प्रकारच्या उपकारकर्त्यांविषयीं एकत्र लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. विनोदी नट आणि रस्त्यावरचा वडेवाला यांना एका पंक्तीस बसविलेलें पाहून कित्येकांस चमत्कारिक वाटेल. परंतु या दोघांचा इतिहास एकाच वस्तींत, एकाच काळांत आणि एकाच प्रकारच्या लोकांसाठीं घडला, आणि तो विसरला जाण्याचें कारणहि एकच आहे, असें आमचें मत झालें आहे. तें कितपत खरें, हें वाचकांनींच ठरवावें.

२०२४ व २०२५ या सालांतील मृत्युवार्ता वाचकांच्या स्मरणांत असतील. १० ऑगस्ट २०२४ रोजीं विजय कदम गेले. त्याच वर्षीं १४ ऑक्टोबर रोजीं अतुल परचुरे गेले. त्यांचें वय अवघें ५७ होतें. ऑगस्ट २०२५ मध्यें बाळ कर्वे गेले. त्यांना मात्र ९५ वर्षांचें आयुष्य लाभलें. कदम यांनीं 'विच्छा माझी पुरी करा' हें लोकनाट्य नव्या पिढीसाठीं पुन्हा रंगभूमीवर उभें केलें. परचुरे यांनीं 'व्यक्ती आणि वल्ली' या नाटकांत प्रत्यक्ष पु. ल. देशपांडे यांची भूमिका केली. कर्वे यांनीं मुंबई दूरदर्शनवर गुंड्याभाऊ असा कांहीं रंगविला कीं, चिं. वि. जोशी यांच्या पुस्तकांतील गुंड्याभाऊ वाचतांना पुष्कळांच्या डोळ्यांपुढें आज तेच उभे राहतात. या तिघांवर वर्तमानपत्रांत रकाने आले. परंतु ते एकापुढें एक ठेवून वाचले, तर नांवें झांकल्यावर कोणता कोणाचा हें ओळखणें कठीण जावें. 'हरहुन्नरी', 'अष्टपैलू', 'कधींहि भरून न निघणारी पोकळी' हे शब्द ठरलेले. चौथ्या दिवशीं पोकळी भरून निघते, आणि आपण दुसऱ्या कामास लागतों.

याचा दोष केवळ वर्तमानपत्रांकडे नाहीं. विनोदी नटाचें यश ज्या वस्तूंत असतें, ती वस्तूच टिकाऊ नव्हे. शोकांतिकेंतील नायकाचें भाषण पुस्तकांत उरतें व शाळेंत पाठ केलें जातें. विनोदी नटाचें सारें सामर्थ्य एखाद्या क्षणाच्या थांबण्यांत, भुंवईच्या हालचालींत, प्रेक्षकांतून आलेल्या खोकल्याला दिलेल्या उत्तरांत असतें. तें लिहून ठेवितां येत नाहीं. समजावून सांगावयास जावें तर हंसूं मरतें. स्वयंपाकाचेंहि तसेंच आहे. उत्तम वड्याची सर्वांत मोठी स्तुति म्हणजे रिकामा झालेला कागद, आणि तो कागद कोणी जपून ठेवीत नाहीं.

हास्य आणि अन्न यांची ही जोडी आम्हीं आज नवी जुळविलेली नाहीं. आपल्या संस्कृत नाटकांतील विदूषक पाहावा. तो राजाचा मित्र असतो, ब्राह्मण असूनहि प्राकृत बोलतो, आणि सदा भुकेला असतो. 'विक्रमोर्वशीया'ंतील विदूषकास उगवता चंद्रहि मोदकासारखा दिसतो. 'मृच्छकटिका'ंतील मैत्रेय वसंतसेनेच्या वाड्यांत शिरतो, तेव्हां तेथील वैभवापेक्षां मुदपाकखान्यांतील वासांनींच तो अधिक व्याकुळ होतो. नायक प्रेमानें झुरत असतांना पोट नांवाची एक वस्तु जगांत आहे, याची आठवण प्रेक्षकांस करून देण्याचें काम प्राचीन नाटककारांनीं विदूषकाकडे सोंपविलें होतें. राजास भूक लागलेली नाटकांत सहसा दिसत नाहीं. ती विदूषकास लागते. म्हणून विदूषक प्रेक्षकांचा आप्त असतो.

हा विदूषक राजवाड्यांतून निघून महाराष्ट्राच्या वाटेवर आला, तेव्हां त्याचीं वस्त्रें बदललीं. नाथांच्या भारुडांत तो नाना सोंगें घेऊन उभा राहिला आणि हंसवितां हंसवितां परमार्थ सांगूं लागला. तमाशांत तो सोंगाड्या झाला. गणगौळण संपून वगास आरंभ झाला कीं, राजाच्या दरबारांत उभा राहून राजासच उलट प्रश्न विचारण्याचा अधिकार त्यास मिळाला. संगीत नाटकांच्या काळांत तोच गडकऱ्यांच्या 'एकच प्याल्या'ंत तळीराम होऊन आला, आणि पुढें ती भूमिका शरद तळवलकर यांनीं गाजविली. चित्रपट बोलूं लागल्यावर, १९४० सालीं मास्टर विनायक यांच्या 'लग्न पहावें करून' या चित्रपटांत चिमणराव आणि गुंड्याभाऊ ही जोडी दामुअण्णा मालवणकर व विष्णुपंत जोग यांनीं पडद्यावर आणिली. म्हणजे आज ज्यांस आपण विनोदी नट म्हणतों, त्यांची वंशावळ पुष्कळ जुनी आहे. फक्त तिचीं पानें कोणी क्रमानें लाविलीं नाहींत.

या वंशावळींतील दोन पुरुष १९९८ सालीं, एकापाठोपाठ एक, काळानें नेले. पहिले राजा गोसावी. सातारा जिल्ह्यांतील सिद्धेश्वर कुरोली या गांवीं १९२५ सालीं त्यांचा जन्म झाला. पोटासाठीं मिळेल तें काम करीत ते मास्टर विनायक यांच्या 'प्रफुल्ल पिक्चर्स'मध्यें पोंचले, आणि पुढें पुण्याच्या भानुविलास चित्रगृहांत तिकिटें विकूं लागले. १९५२ सालीं राजा परांजपे यांचा 'लाखाची गोष्ट' निघाला व गोसावी त्यांत नायक झाले. पडद्यावरील नायक खालीं खिडकींत बसून स्वतःच्याच चित्रपटाचीं तिकिटें विकीत आहे, ही गोष्ट पुण्यांत अद्यापि सांगितली जाते. एखाद्या प्रहसनांत शोभावा असा हा प्रसंग आहे. पण त्यांत त्या काळच्या मराठी नटाची सांपत्तिक स्थितिहि स्पष्ट दिसते. लाखाची गोष्ट पडद्यावर, आणि महिन्याचा पगार खिडकींत! फेब्रुवारी १९९८ मध्यें गोसावी गेले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनीं, १४ मार्च १९९८ रोजीं, दादा कोंडके गेले. कृष्णा कोंडके यांचें घराणें मूळचें भोरजवळील इंगवली येथील. जन्म मात्र १९३२ सालीं मुंबईंत नायगांव येथें गिरणी कामगारांच्या वस्तींत झाला. राष्ट्र सेवा दलाच्या पथकांत त्यांनीं कलेचे पहिले धडे घेतले. १९६५ सालीं वसंत सबनीस यांचें 'विच्छा माझी पुरी करा' हें लोकनाट्य रंगभूमीवर आलें, आणि त्याचे दीड हजारांहून अधिक प्रयोग झाले. भालजी पेंढारकर यांच्या 'तांबडी माती' (१९६९) या चित्रपटानें ते पडद्यावर आले, आणि १९७१ सालीं त्यांनीं स्वतः 'सोंगाड्या' काढला. त्याचें नांवच पाहावें: जुन्या तमाशांतील सोंगाड्या त्यांनीं उघडपणें, नांवासकट, पडद्यावर आणिला. दादरच्या कोहिनूर चित्रगृहांत 'सोंगाड्या' लागण्यास अडथळा आला. त्या जागीं देव आनंद यांचा 'तेरे मेरे सपने' लावण्याचें ठरत होतें. दादा बाळ ठाकरे यांच्याकडे गेले, शिवसैनिक चित्रगृहापुढें उभे राहिले, आणि 'सोंगाड्या' लागला. पुढें 'एकटा जीव सदाशिव', 'आंधळा मारतो डोळा', 'पांडू हवालदार', 'राम राम गंगाराम' असे त्यांचे चित्रपट येत गेले. ओळीनें नऊ चित्रपटांचे रौप्यमहोत्सव झाल्याची नोंद गिनीजच्या ग्रंथांत झाली, ही गोष्ट प्रसिद्धच आहे.

आतां ज्या दादरला हें घडलें, त्याच दादरच्या रेल्वे स्टेशनाबाहेर पांच वर्षें आधीं, १९६६ सालीं, दुसरी एक गोष्ट घडली होती. अशोक वैद्य नांवाचा एक तरुण तेथें बटाटेवड्यांची गाडी लावीत असे. शेजारीं एकाची ऑम्लेट-पावाची गाडी होती. वैद्य यांनीं त्या पावाच्या पोटांत आपला वडा घातला, वर चटणी पसरली, आणि गिऱ्हाइकाच्या हातांत दिला. एवढाच तो शोध. परंतु या एवढ्याशा गोष्टीचे परिणाम किती दूरवर पोंचले, हें पाहावयाचें असेल तर त्या वस्तूची फोड करून पाहिली पाहिजे.

वड्यांतील बटाटा हा मूळचा आपला नव्हे. तो अमेरिकेंतून पोर्तुगीजांच्या गलबतांतून आला, आणि त्याचें नांवहि आपण त्यांच्याच भाषेंतून घेतलें. मिरचीहि तशीच आली. तिच्या आधीं आपल्या पूर्वजांचें तिखट म्हणजे मिरीं आणि आलें. पाव हा शब्द पोर्तुगीज, आणि तो भाजण्याची विद्या गोव्याच्या भट्ट्यांतून मुंबईस आली. आरंभीं माडीच्या फेसानें तें पीठ फुगवीत असत. डाळीचें पीठ, लसूण आणि हळद एवढें आपल्या घरचें. म्हणजे ज्या पदार्थास आज आपण अस्सल मराठी म्हणून मिरवितों, त्याच्या एका घासांत चारशें वर्षांचा समुद्रव्यापार सामावलेला आहे. पाव घरच्या चुलीवर होत नसे व कित्येक सोंवळ्या घरांत तो शिवतहि नसत. बटाटेवडा मात्र सणासमारंभास चाले. या दोघांना एकत्र आणण्यास कोणा पंडिताची परिषद लागली नाहीं. ती सोयरीक गर्दीच्या वेळीं, एका हातानें लोकलचा दांडा धरावयाचा असल्यामुळें दुसऱ्या हातांत मावेल असें कांहीं तरी हवें होतें, म्हणून झाली.

येथें इतिहासाच्या अभ्यासकांनीं थांबून एक शंका घ्यावी. ती रास्तच आहे. वडापावाचे जनक वैद्यच, हें कशावरून? दादरलाच त्याच सुमारास सुधाकर म्हात्रे यांनींहि वडापाव विकण्यास आरंभ केला असें सांगतात. कल्याणचा 'खिडकी वडा'हि साठीच्या दशकाच्या अखेरीचाच. वड्याबरोबर पाव खाणारा एखादा अनामिक मनुष्य यांच्याहि आधीं होऊन गेला नसेल, असें कोणीं म्हणावें? यांपैकीं कोणाकडेहि ताम्रपट नाहीं. परंतु आम्हांस यांत विशेष कांहीं वाटत नाहीं. आमच्या हिंगोली जिल्ह्यांतील नर्सी हें नामदेवांचें जन्मस्थान म्हणून पूजिलें जातें, आणि पंढरपूरचाहि त्या मानावर हक्क सांगितला जातो. जेथें संतश्रेष्ठाच्या जन्मस्थानाविषयीं दोन मतें, तेथें वड्याविषयीं तीन असल्यास नवल तें काय? उलट या वादांतून एक गोष्ट सिद्ध होते: ज्या वस्तूवर दोन गांवें हक्क सांगतात, ती वस्तु लोकांस प्रिय आहे. वैद्य यांचें नांव सर्वांत अधिक ठिकाणीं घेतलें जातें, आणि तें घेणें योग्य आहे. मात्र तें घेतांना शेजारच्या ऑम्लेटवाल्याचें आपण नांवहि जाणत नाहीं, एवढें ध्यानांत असावें.

शोध या शब्दाचा अर्थहि येथें नीट पाहण्याजोगा आहे. वैद्य यांनीं वडा निर्माण केला नाहीं, पावहि केला नाहीं. कोंडके यांनीं सोंगाड्या निर्माण केला नाहीं, चित्रपटहि केला नाहीं. वडा घरांत होता, पाव भट्टींत होता. सोंगाड्या कनातीच्या आंत होता, चित्रपट शहरच्या चित्रगृहांत होता. या दोघांनीं दोन जुन्या वस्तू एकत्र आणून त्या अशा जागीं नेऊन ठेविल्या कीं, जेथें कामावरून सुटलेला मनुष्य थकलेला, भुकेलेला आणि थोड्या पैशांसह उभा होता. निर्मिति करणाऱ्यांस जग प्रतिभावंत म्हणतें. जोडणाऱ्यांस तें दैववान म्हणून सोडून देतें. पण गर्दींतील मनुष्यास नेमकें काय हवें आहे, हें त्याच्या सांगण्याआधीं ओळखणें हीहि प्रतिभाच होय, आणि ती फार थोड्यांस असते.

काळाचाहि योग पाहण्याजोगा आहे. १९६६ सालच्या जून महिन्यांत शिवसेना स्थापन झाली. त्या काळांत बाळ ठाकरे मराठी तरुणांस नोकरीच्या मागें न लागतां लहानसहान धंदे काढावेत असें सांगत, आणि वैद्य यांची गाडी हें त्या हांकेचें फळ म्हणून सांगितलें जातें. भोंवतीं गिरणगांव होतें. तीन पाळ्यांत गिरण्या चालत. पाळी सुटली कीं रस्ता माणसांनीं भरे. त्या रस्त्यावर वडापाव खपला, आणि त्याच माणसांनीं 'सोंगाड्या'च्या तिकिटांसाठीं रांगा लाविल्या. पुढें जानेवारी १९८२ मध्यें गिरण्यांचा तो प्रसिद्ध संप झाला; सुमारें अडीच लक्ष कामगार त्यांत उतरले, आणि पुष्कळांस गिरणीचें दार पुन्हा दिसलेंच नाहीं. त्यांपैकीं कित्येकांनीं संसार चालविण्यासाठीं वडापावाचीच गाडी लाविली. जो पदार्थ कामगाराची भूक भागवीत होता, तोच कामगार बेकार झाल्यावर त्याचा धंदा झाला. मुंबईच्या आर्थिक इतिहासाचें हें एक पान आहे. पण तें अद्यापि कढईच्या धुरांतच लिहिलेलें आहे.

सुशिक्षित मध्यमवर्गानें या दोघांविषयीं काय केलें, हें आतां सांगणें प्राप्त आहे, कारण आम्ही व आमचे बहुतेक वाचक याच वर्गांतील. आपण दोघांनाहि नाकें मुरडलीं. दादांचा विनोद ग्राम्य, द्व्यर्थी, कुटुंबांत बसून पाहण्याजोगा नव्हे. वडा पुन्हा पुन्हा तापविलेल्या तेलाचा, रस्त्यावरच्या धुळीचा. हे आक्षेप खोटे नव्हेत. दादांच्या उत्तरकाळांतील, विशेषतः हिंदी चित्रपटांत चावटपणा इतका वाढला कीं, विनोद त्याच्या ओझ्याखालीं दबला. आणि स्त्री ही त्यांत पुष्कळदा हंसण्याचें केवळ साधन होऊन राहिली. वडापावानें पोट भरल्यासारखें वाटतें, परंतु एका जेवणाची जागा त्यानें घ्यावी हें देहास परवडणारें नव्हे; तो लोकप्रिय झाला याचें एक कारण जेवण महाग झालें हें आहे. हें सर्व मान्य करूनहि एक प्रश्न उरतो. ज्या सोंगाड्यानें वगांतील प्रधानास व कोतवालास चार लोकांत हंसण्याजोगें केलें, त्याची भाषा आपल्या दिवाणखान्यास शोभेशी नव्हती म्हणून त्यानें गप्प बसावयास हवें होतें काय? आणि ज्या मनुष्यास खानावळीच्या पाटावर बसण्यास वेळहि नव्हता व पैसाहि नव्हता, त्यानें आपल्या आरोग्यविचारास मान देऊन उपाशी राहावयाचें होतें काय? शिवाय नाकें मुरडीत मुरडीत आपण दोन्हींचा आस्वाद घेतलाच. फरक एवढाच कीं, कामगार उघडपणें हंसला, आणि आपण रुमाल तोंडावर धरून.

याच वर्गाची व याच विषयाची एक कसोटी पुढें आली. लक्ष्मीकांत बेर्डे मुंबई मराठी साहित्य संघांत नोकरी करीत करीत रंगभूमीवर आले. १९८३ सालच्या 'टुरटुर' नाटकानें त्यांचें नांव झालें, आणि १९८८ सालच्या 'अशी ही बनवाबनवी' या चित्रपटानें तें घरोघर पोंचलें. १९९२ सालीं जब्बार पटेल यांनीं पु. ल. देशपांडे यांच्या लेखनावरून 'एक होता विदूषक' हा चित्रपट काढला, आणि त्यांत तमाशांतून पुढें येऊन मोठा झालेल्या विदूषकाची भूमिका बेर्डे यांस दिली. हंसविणाऱ्या मनुष्यास स्वतःचें हंसूं कोठें हरवलें हें शोधावें लागतें, असा तो विषय होता. लोकांनीं त्या भूमिकेंतील बेर्डे यांस पाहिलें, आणि पुन्हा त्यांच्या नेहमींच्या विनोदाकडे वळले. गंभीर लक्ष्मीकांत त्यांस नको होता. १६ डिसेंबर २००४ रोजीं ते गेले, तेव्हां त्यांस पुरतीं पन्नाशीचींहि वर्षें लाभलीं होतीं न होतीं. विदूषकास त्याच्या टोपीबाहेर येऊं न देणें, ही प्रेक्षकांची निष्ठुरता फार जुनी आहे.

आतां १९९८ सालाकडे पुन्हा वळूं. फेब्रुवारींत राजा गोसावी आणि मार्चमध्यें दादा कोंडके गेल्याची वार्ता साऱ्या महाराष्ट्रानें वाचली. त्याच वर्षीं अशोक वैद्य वारले. ज्या दिवशीं ते गेले, त्या दिवशींहि मुंबईंत लक्षावधि लोकांनीं वडापाव खाल्ला असेल. त्यांतील कितीकांस त्यांचें नांव ठाऊक होतें? दोनच वर्षें आधीं, १९९६ सालीं, मॅकडोनल्ड ही अमेरिकन कंपनी हिंदुस्थानांत आली होती. पुढें २००१ सालापासून आपल्याकडीलहि कांहीं व्यापाऱ्यांनीं वडापावाचीं सुबक दुकानें साखळीनें काढलीं, आणि जाहिरातींत त्यास 'देशी बर्गर' अशी पदवी मिळाली. जणूं तो कोणाची तरी नक्कल होता!

त्या अमेरिकन कंपनीच्या 'बिग मॅक' या पदार्थाचा जनक जिम डेलिगाटी हा पेनसिल्व्हेनियांतील एक दुकानदार. त्यानें १९६७ सालीं, म्हणजे वैद्य यांच्या वडापावानंतर वर्षभरानें, आपला पदार्थ विकावयास काढला. तो २०१६ सालीं ९८ व्या वर्षीं वारला, तेव्हां जगांतील मोठमोठ्या पत्रांनीं त्याच्यावर लेख लिहिले. त्याच्या पदार्थाचें संग्रहालयहि त्याच्या हयातींतच झालें होतें. जपानांत मोमोफुकु आंदो यानें १९५८ सालीं, युद्धोत्तर दुष्काळाचे दिवस आठवीत, उकळत्या पाण्यांत क्षणांत तयार होणाऱ्या शेवया शोधून काढल्या. तो ५ जानेवारी २००७ रोजीं वारला; ज्या इकेदा गांवीं त्यानें तो शोध लाविला, तेथें त्याच्या झोपडीवजा प्रयोगशाळेची प्रतिकृति जपून ठेविली आहे, आणि शाळेंतील मुलें ती पाहावयास जातात. आमच्या दादर स्टेशनाबाहेर काय आहे? गर्दी आहे, गाड्या आहेत, वडे आहेत. एक साधी पाटी असावी असें कोणाच्या मनांत आलेलें नाहीं. परदेशांत यांमागें कंपन्यांचा पैसा होता हें आम्ही जाणतों. परंतु पाटीस पैसा लागत नाहीं; आठवण लागते.

हा लेख आम्ही साखऱ्यांत बसून लिहीत आहों. साखरा हें हिंगोली जिल्ह्यांत, सेनगांव तालुक्यांत आहे. दादर येथून फार दूर. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. १९६० सालीं महाराष्ट्र राज्य झालें तेव्हां तो त्यांत परभणी जिल्ह्याचा भाग म्हणून आला, आणि हिंगोली हा वेगळा जिल्हा १ मे १९९९ रोजीं झाला. म्हणजे ज्या सालीं तें त्रिकूट वारलें, त्या सालीं आमचा जिल्हा जन्मलाहि नव्हता. येथील अन्न म्हणजे ज्वारीची भाकरी. पाव हें इकडचें धान्य नव्हे. तरीहि आज मराठवाड्यांतील एस. टी. स्थानकांवर कढई चढलेली असते, आणि वडापाव हा शब्द समजावून सांगावा लागत नाहीं. दादांचे चित्रपट तर त्याच्याहि आधीं आले. जत्रांतून हिंडणाऱ्या तंबूंतील सिनेमानें ते खेडोपाडीं नेले, आणि ज्यांस पुण्या-मुंबईची मराठी परकी वाटे, त्यांस पडद्यावरचा नाडी लोंबणारा सोंगाड्या आपल्या गांवचा वाटला. राज्याच्या सीमा कायद्यानें एक झाल्या; परंतु मराठवाड्यांतील खेडें आणि मुंबईंतील चाळ यांची मनें एक होण्यास कोणत्या गोष्टी कारण झाल्या, याचा इतिहास लिहावयाचा झाल्यास त्यांत एस. टी.ची गाडी, सोंगाड्या आणि वडापाव यांस गाळतां येणार नाहीं. शिवाय देवाणघेवाण एकेरी नव्हती. इकडचे तरुण पोटासाठीं मुंबई-पुण्यास गेले व तेथील गर्दीचा भाग झाले. आणि वड्याला जो पिवळा रंग येतो तो हळदीचा, त्या हळदीसाठीं हिंगोलीचा बाजार आज प्रसिद्ध आहे. दादरच्या कढईंत आमच्या मातीचा थोडा रंग असेलच.

तेव्हां करावयाचें काय? मोठ्या स्मारकांची मागणी करण्याची रीत आहे. ती आम्ही करीत नाहीं. स्मारकाच्या समितींत भांडणें होतात, आणि विदूषकाच्या पुतळ्यास पाहून कोणी हंसत नाहीं. आमची सूचना लहान आहे. प्रत्येक गांवांत पहिला चहा कोणीं विकला, पहिली भजीं कोणीं तळलीं, भारुडांत व वगांत सोंग कोण घेत असे, हें सांगणारीं चार म्हातारीं माणसें अद्यापि आहेत. पुढील दहा वर्षांत तीं राहणार नाहींत. वाचकांच्या घरांत शिकलेलीं मुलें आहेत, वह्या आहेत, आणि आतां तर खिशांतील यंत्रांत आवाजहि सांठवितां येतो. त्या माणसांपाशीं बसून तीं नांवें, तीं सालें, ते पदार्थ, तीं सोंगें टिपून घ्यावींत. सोंगाड्या कसा थांबे, प्रधानास उत्तर देण्याआधीं कोणीकडे पाही, हें विचारावें. चटणींत काय असे आणि कागद कोणता वापरीत, हेंहि विचारावें. उद्यांच्या इतिहासकारास राजांच्या सनावळ्या मिळतील. त्याची अडचण या ठिकाणीं होणार आहे.

ज्यांनीं राज्यें जिंकलीं, त्यांच्या समाध्यांवर दिवा लावण्यास वतनें होतीं. ज्यांनीं लोकांस हंसविलें व चार पैशांत खाऊं घातलें, त्यांस वतन कोणीं दिलें नाहीं. त्यांनीं तें मागितलेंहि नाहीं. त्यांची मजुरी रोजची रोज फिटली, असें म्हणून आपण मोकळे होऊं शकतों. पण मजुरी फिटली म्हणजे ऋण फिटलें, असें आपल्या शास्त्रानें कोठेंहि म्हटलेलें नाहीं. ऋण फिटावयाचें तर आधीं धनकोचें नांव ठाऊक असावें लागतें. निदान तेवढें तरी आपण विचारून ठेवूं या.